कुकर निघाला आयर्लंडला

माझे धाकटे दीर आयर्लंडमधल्या एका खेड्यात डॉक्टर होते. जाऊन बरीच वर्षं झाली होती, लग्न केलं नव्हतं आणि इकडे येण्याचं नाव घेत नव्हते. पंच्याऐंशीच्या सुमारास त्यांचं पत्र आलं: दादा-वहिनींनी यावं, आठ दिवस गाडीने खेडोपाडी फिरवतो, हवं ते खायला घालतो. शेतावर केलेलं चीज, भट्टीतून काढलेला गरम काळसर पाव, समुद्रकाठची ताजी कालवं आणि दादासाठी गावोगावची व्हिस्की.

कालवं आमच्या सारसोळ्याच्या खाडीतही मिळत, त्यांचं मला अप्रूप नव्हतं. मला भुलवलं ते 'खायला घालतो' या दोन शब्दांनी. लग्न झाल्यापासून मला कुणी खायला घातलं नव्हतं. माहेरी गेले तरी भावजयीच्या शेजारी बसून पोळ्या लाटायच्या. आठ दिवस दुसऱ्याने रांधावं, दुसऱ्याने वाढावं आणि मी नुसतं बसून जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी आयर्लंडला जावं लागत असेल तर जायची माझी तयारी होती.

दौऱ्याची आखणी ह्यांनी हातात घेतली आणि तिथेच माशी शिंकली. हे तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात इंजिनिअर. घरात खुंटी ठोकायची तरी आधी आकृती काढणार. नेरुळच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर आलेखाचे कागद पसरले आणि आम्ही खाली बसून जेवू लागलो. खाण्याच्या दौऱ्यापायी खाण्याची जागा गेली, हे फक्त मलाच दिसत होतं.

कारखाना ऑगस्टमध्ये दुरुस्तीसाठी बंद असायचा, म्हणून रजा ऑगस्टची ठरली. भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघायची बुद्धी इंजिनिअरला झाली नाही. ती सासूबाईंना झाली.

"अरे, श्रावण आहे," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे श्रावणात मासळी, मटण, कांदा, लसूण सगळं बंद. दारू तर विचारायलाच नको. म्हणजे कालवं गेली, व्हिस्की गेली. चीज कशाने विरजतात याची सासूबाईंना शंका, म्हणून तेही गेलं. पावात अंडं असेल तर? पावही गेला.

"मग जायचं कशाला?" मी विचारलं.

"बघायला," हे म्हणाले. "व्हिस्कीच्या कारखान्यातली मशिनरी बघण्यासारखी असते."

मी कपाळावर हात मारला. रजा पुढे ढकला म्हटलं तर कारखाना म्हणे माझ्या सोयीने बंद होत नाही. मग आठ दिवस खायचं काय, यावर मायलेकांनी तोड काढली. कुकर न्यायचा. गोडा मसाला, मेतकूट, डाळ, तांदूळ, सोमवारच्या उपासाला वऱ्याचे तांदूळ. "आणि पुरणयंत्र," सासूबाई म्हणाल्या. "पोराच्या तोंडात किती वर्षांत पुरणपोळी पडली नसेल." ह्यांनी आखणीत नवा रकाना काढला, 'मुक्कामी स्वयंपाक'. त्याच्या खाली आठही दिवस 'सौ.' लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमची नेहमीची कोळीण पाटी घेऊन दारात आली. आता श्रावणभर येऊ नकोस, त्यातच आम्ही परदेशी जाणार, असं मी तिला सांगितलं. सोबत कुकर चाललाय, हेही रागाच्या भरात सांगून टाकलं.

"तिकरं पन तूच रांधनार?" ती म्हणाली. "मंग जातेस कनाला?"

मी आत आले. "मी येत नाही," म्हणाले. "कुकरला घेऊन जा."

ह्यांना वाटलं रुसले आहे, दोन दिवसांनी येईन ताळ्यावर. पण तिकिटं काढायची वेळ आली तरी मी हलले नाही. तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग मी जाऊ का? मला त्याला माझ्या हातचं घालायचंय." त्यांचे गुडघे धरलेले म्हणून त्यांना जायचंय का, हे आम्ही कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मायलेक कुकर घेऊन गेले. मी पाव-लोणी खाल्लं, केळी खाल्ली, कोपऱ्यावरच्या गाडीवरचे वडे खाल्ले आणि गॅस फक्त चहापुरता पेटवला. पण खरं सांगते, आनंद झाला नाही. वाढणारं कुणी नव्हतंच. मला तो राग अजून आहे.

परत आले ते भर दुपारी. हे बॅग टेकवून म्हणाले, "तू असतीस तर आईला जरा मदत झाली असती. आठही दिवस ती एकटी ओट्याशी उभी. शेतावरचं चीज बघायला जायचं राहिलंच बघ. चल, भूक लागलीय, वरणभात टाक."

माझ्या ओठांवर चांगलंच उत्तर आलं होतं. मी उठलेही होते. पण खुर्चीत गुडघे चोळत बसलेल्या सासूबाईंनी माझा पदर धरून मला शेजारी खाली बसवलं.

"तिला बसू दे," त्या लेकाला म्हणाल्या. "भात तू टाक."

हे स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ डब्यांची झाकणं वाजली. मग आतून आवाज आला, "अगं, तांदूळ कुठे असतात?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझा पदर पुन्हा घट्ट धरला.