दर्भाच्या जागी कावळा

धाकट्या भावाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. खिडकीत पोळीचा तुकडा ठेवला तर चार कावळे भांडतात असं हे शहर, आणि आमचा पिंड सकाळभर तसाच राहिला.

घाटावर आमच्या शेजारी बसलेल्या कुटुंबाचा पिंड ठेवल्याबरोबर गेला. तेच कावळे मग तारेवर बसून आमच्याकडे पाहत राहिले. गावाहून आलेले मामा म्हणाले, “भूक नाय रे तेंका. बाजूवाल्यांचो भात खाऊन बसलेत.” कोणी हसलं नाही. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन वचनं दिली. मुलीला हवं ते शिकवू. आईला अंतर देणार नाही. भावजय पिंडाशी वाकून काहीतरी पुटपुटली, ते कोणालाच ऐकू आलं नाही. त्याची काय इच्छा राहिली असेल ते मी आठवत होतो, आणि मला एकही आठवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि आम्ही हात जोडले.

आई मुलुंडला घरी अंथरुणावर होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठता येत नव्हतं. तिचा सारखा फोन येत होता, म्हणून मामांनी सांगून टाकलं, “शिवलो गो.” आम्ही घरी पोहोचलो तेव्हा तिने एवढंच म्हटलं की व्हिडिओ काढलाय ना, मग मला दाखवा. भाच्याने सगळा विधी मोबाइलवर काढला होता, तो तिच्यासाठीच. फोन बंद पडलाय असं काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. भावजयीने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“दादा, तुमचं तर कामच आहे ना हे,” ती म्हणाली. “बसवा एक कावळा.”

माझं काम हेच आहे. अंधेरीच्या एका स्टुडिओत मी चित्रीकरणाच्या वेळी नसलेल्या गोष्टी चित्रीकरणात बसवतो. नटाच्या खांद्यावरचा पोपट, जाहिरातीत बिस्किट पळवणारी खार. प्राणी हलता करून देतात ते अ‍ॅनिमेशनवाले; तो तिथे खरोखर होता असं वाटायला लावणं माझ्याकडे. एका जुन्या जाहिरातीचा कावळा तयारच होता. मोबाइल धरणाऱ्याचा हात जसा हलत होता तसा मी त्याला हलवला, ढगाळ सकाळ होती म्हणून पायांखाली पुसटच सावली घातली, भाताची शितं थोडी विस्कटली. तिथपर्यंत हात आपोआप चालले.

अडलं ते नजरेपाशी. नसलेल्या प्राण्याकडे नटाने नेमकं पाहावं म्हणून सेटवर काठीला चेंडू लावून धरतात, नाहीतर प्राणी एकीकडे आणि नजर भलतीकडेच. आमच्या व्हिडिओत सगळे वर पाहत होते, तारेकडे. कावळा पिंडावर उतरला तरी एकाचीही मान खाली येईना. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेला. सगळ्यांचे डोळे एकदम पिंडावर आले होते अशी एकच जागा सापडली: गुरुजींनी दर्भ लावला ती. तिथे मी गुरुजींचा हात पुसला, दर्भ पुसला, मागची फरशी भरून काढली आणि कावळा उतरवला.

तो बसला. इतका बरोबर बसला की मी खुर्ची मागे सरकवली. आशा सोडून जोडलेले आमचे हात आता उपकार मानून जोडल्यासारखे दिसत होते. भावजयीने डोळ्यांना लावलेला पदरही पटत होता. आमच्या चेहऱ्यांना मी कुठेच हात लावला नव्हता.

आईने चष्मा लावून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. कावळ्याने चोच मारली तिथे तिने फोनलाच नमस्कार केला. भावजय दारात उभी होती. आईने व्हिडिओतल्या माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“बघ, कसा सुटल्यासारखा दिसतोयस. काही राहिलं नाही रे त्याचं.”

मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. मामा पहिल्यापासून शिवला असंच सांगत आलेत. परवा भेटायला आलेल्या बायकांना भावजय सांगत होती, आभाळ भरलेलं होतं, आणि एकदम आला. सांगताना तिचा आवाज जराही अडखळला नाही. आता त्याचं काय राहून गेलं, हा प्रश्न घरात कोणालाच पडत नाही. ज्याच्याशी हे बोलावं असं माणूसच उरलं नाही. होता तो एक भाऊच, आणि विचारायचं आहे ते त्याच्याचबद्दल.

भाच्याने काढलेला मूळ व्हिडिओ मी ठेवला आहे. कधीतरी लावतो, आणि गुरुजी दर्भाकडे हात नेतात त्याच्या आधी थांबवतो. तिथे आम्ही सगळे अजून वर पाहतो आहोत. तारेवरचे कावळेही आमच्याकडे पाहताहेत, आणि येत नाहीत.