फी घेतलेली साक्ष

फिनाइलचा वास आला की मला चाळीसच्या दशकातलं सातारचं कोर्ट आठवतं. आमची आक्का सासरच्या विहिरीत मेलेली सापडली होती. सरकारी डॉक्टर म्हणाले, बुडून मेली. वडिलांनी सांगलीहून आणलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यावरचे वळ पाण्यात पडण्याआधीचे आहेत. आरोपीच्या, म्हणजे आक्काच्या नवऱ्याच्या, वकिलाने त्यांना एवढंच विचारलं, “फी घेतलीत?” “वेळेची घेतली, मताची नाही.” तरी न्यायाधीशांनी पैसे घेऊन दिलेलं मत म्हणून ते बाजूला ठेवलं आणि आक्काचा नवरा सुटला. बाहेर चिंचेखाली डॉक्टर फी परत करू लागले. वडील म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आवं, तुमी फुकट आला असता, तर माझ्या पोरीचं खरं धरलं असतं व्हय?” घरी आल्यावर वडिलांनी आक्काचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. आता ते नाव घेणारी मी एकटीच उरले आहे.