तळ्याची माती

आमची झोपडी ज्या वाडीत होती ती वाडी मालकाने विकली. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं होतं, आसपासच्या जमिनींना भाव आला होता. नारळ, चिकू, विहीर, रहाट, सगळं विकलं गेलं. बाबा तिथले राखणदार. नव्या मालकाला राखणदार नको होता, कुंपण हवं होतं. आम्ही गाठोडी बांधून सफाळ्याला मावशीकडे गेलो. तिथे काकांचं तोंड दिवसेंदिवस लांब होत गेलं. शेवटी कुणीतरी पालघरच्या देवळाचं नाव सांगितलं.

देवळामागे ओळीने खोल्या होत्या. पूर्वी त्यात यात्रेकरू उतरत, आता घर गेलेली कुटुंबं राहत. दुसरीकडे सोय लागली की खोली सोडायची, अशी रीत. सगळं पाहणाऱ्या गृहस्थांना लोक बुवा म्हणत. चांगला माणूस. आवाज कधी चढवला नाही त्यांनी, आणि त्याचाच मला राग यायचा.

नियम तीन. दोन्ही वेळ आरतीला यायचं. मासळी आणायची नाही. आणि खोलीत चूल थापायची नाही. समुद्राकाठच्या माणसांना दुसरा नियम जड गेला. आई आरतीत डोळे मिटून उभी राहायची आणि माझी खात्री आहे, मनात बोंबलाचं कालवण करायची. पण तिसरा नियम तिला खरा मनाला लागला. स्वयंपाक तीन दगडांवर करायचा आणि जेवणं झाली की दगड उचलून भिंतीशी ठेवायचे. "मातीची चूल आपल्या घरात," बुवा म्हणायचे. "तुमची जागा झाली की इथल्या तळ्याची माती मी स्वतः देईन. तिचीच चूल थापा."

"आमी काय चूल घेऊन पळून जानार हाय?" आई खोलीत येऊन पुटपुटली.

जाणारं कुटुंब खरंच मातीची पाटी घेऊन जायचं. त्यात हळदीकुंकू टाकलेलं असायचं. पाटी निघाली की आम्ही मुलं फाटकापर्यंत मागे जायचो आणि आपली पाटी कधी, याचा विचार करत परत यायचो.

आमची पाटी काही निघेना. बाबा रोज बोईसरला कामाला जायचे. कधी माल उतरवायला मिळायचा, कधी मुकादम "कल आना" म्हणून वाटेला लावायचा. बेटेगावच्या एका शेतकऱ्याने झोपडीपुरती जागा देतो म्हटलं होतं, पण पावसाळा सरल्यावर. मग पावसाळा देवळातच काढायचं ठरलं.

आषाढात एकदा ओल्या फरशीवर दगड सरकला आणि पेजेचं पातेलं कलंडलं. सगळी पेज दाराबाहेर वाहून गेली. धाकटा भाऊ भुकेने रडत होता. दुपारी आई धुणं घेऊन तळ्यावर गेली आणि ओल्या लुगड्यांखाली माती लपवून घेऊन आली. तूस मिसळलं, शेण मिसळलं, खोलीच्या कोपऱ्यात चूल थापली. साधीसुधी नाही, शेजारी वैल असलेली. म्हणजे इकडे भात शिजतो तोवर तिकडे त्याच आचेवर आमटी. वाडीतल्या आमच्या चुलीसारखी हुबेहूब. वरून गोणपाट टाकलं. वाडी सुटल्यापासून आईला पहिल्यांदा गुणगुणताना मी ऐकलं ते तेव्हा, चुलीवरून पोतेरं फिरवताना.

चूल वाळली, आईने पेटवली, आणि धुरानेच चुगली केली. बुवा आले. गोणपाट बाजूला सारून त्यांनी चूल पाहिली. ओरडले असते तर बरं झालं असतं, आईला भांडता तरी आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, बाहेर ओट्यावर कोण बसलंय ते एकदा बघून या."

मासवणकडची एक डोंगरातली बाई बसली होती. पावसाने तिचं घर बसलं होतं. मांडीवर तापाने फणफणलेलं पोर होतं.

"तुम्ही इथे मुळं धरलीत तर हिला मी कुठे ठेवू?" बुवा म्हणाले.

बुवांचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. पण पलीकडच्या कोरड्या खोलीत उत्सवाच्या समया आणि पालखी कुलपात होत्या. त्या खोलीकडे कुणीच पाहिलं नाही. मला तेव्हा इतका संताप आला होता की आरतीला मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

आईने कोयता घेतला आणि उलट्या बाजूने चूल फोडली. वैल आधी फोडला. ती बाई दारात येऊन म्हणाली, "नको गो बाय, राऊ दे. आमी बसतो हितंच."

"आत ये," आई म्हणाली. "पोराला निजव आधी."

मग पावसाळाभर त्या एका खोलीत आम्ही दोन कुटुंबं राहिलो. तिचं पोर बरं झालं. दोघी मिळून दगड मांडायच्या आणि मिळून उचलायच्या.

पाऊस सरला, बेटेगावला आमची झोपडी उभी राहिली. देवळाच्या मंडळींनी बांबू दिले, बुवांनी मातीची पाटी दिली. आईने पाटी कपाळाला लावली, कोपऱ्यात ठेवली आणि तीन दगड मांडून भात लावला.

"अगं, थाप ना आता," बाबा म्हणाले.

"परत मोडायला हात उठनार नाय माजे."

"हितं कोन मोडायला सांगनार हाय?"

"वाडीत तरी कोन सांगनार होतं?"

जागेचा मालक इथेही दुसराच होता. माती पाटीत वाळून तडकली. आई रोज जेवणं झाली की दगड उचलून भिंतीशी ठेवायची, कुणी सांगितलेलं नसताना.

थंडीत ती मासवणची बाई सरपणाची मोळी घेऊन आमच्या दारी आली. तिलाही जागा मिळाली होती. तिने दगड पाहिले, कोपऱ्यातली पाटी पाहिली. मग मातीवर पाणी ओतलं आणि पाय दुमडून बसली. आईने उठून तूस आणून दिलं. "वैल डावीकडं घे," म्हणाली. मला रडू फुटलं.

चूल झाली. ओली चूल पेटवली तर तडकते, म्हणून वाळेपर्यंत थांबायचं होतं. आम्ही थांबलो. बाबांनी हात लावून पाहिला, चूल खडखडीत वाळली होती. आईनेही हात लावला.

"आतून ओली हाय अजून," ती म्हणाली.

होळी झाली. उन्हाने विहिरीचा तळ दिसायला लागला, बाहेर शेतजमिनीला भेगा पडल्या. मी शाळेतून यायचे तेव्हा आई तीन दगडांपुढे बसून फुंकर घालत असायची. शेजारी सारवलेली, कोरी चूल. मी विचारायचे, आणि ती वर न बघता म्हणायची, "ओली हाय गो अजून."