अल्माझचं पिठलं

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी पिठलं-भाकरी मागितली आणि आत्तींनी सरळ नाही म्हणून सांगितलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात.

"निघायच्या तोंडावर पिठलं करत न्हाईत," त्या म्हणाल्या. "माणसाला पोचवून आल्यावर खात्यात ते."

"आई, एरवी आठवड्यातनं दोनदा करतीस की."

"एरवीचं येगळं."

मग त्यांनी शेंगाच्या पोळ्या केल्या, तूप वाढलं आणि आम्हाला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी कसबा बावड्यातल्या आमच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा आत्ती बाहेर आल्याच नाहीत. आतूनच ओरडल्या, "पोचल्यावर फोन करा!" मोठ्या जाऊबाई, शोभाक्का, तेवढ्या जीप वळेपर्यंत रस्त्यात उभ्या होत्या. कारखान्याचा हंगाम चालू होता, हवेत मळीचा वास होता. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं तुमचं निघणं सोपं, असं सगळे म्हणाले. माझी आई नेसरीहून आली होती, तीही हेच म्हणाली. सोपं वगैरे काही नव्हतं.

हे साखर कारखान्यात पॅनवर. उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा पाडायचं काम. आमच्या भागातली साखरेतली माणसं आफ्रिकेत जाऊन येऊन जुनी झाली, त्यामुळं इथिओपियातल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल मला वाटलं. गगनबावड्याच्या पलीकडं कोकणात उतरायचं म्हटलं तरी मला घाट लागायचा.

राजधानी अदिस अबाबापासून दिवसभराचा रस्ता, मग नुसता ऊस. कारखान्याचं कंपाउंड, आत आमची बैठी घरं आणि मागच्या बाजूला तिथल्या कामगारांची चाळ. ऊस बघून हे खुश झाले. मी मात्र पहिले दोन महिने धड जेवले नाही. तांदूळ मिळायचा, पण त्याला वास नव्हता. ज्वारी मिळाली, तर तिची भाकरी तव्यावर फाटायची. आत्तींनी दिलेली चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, मी इतकी जपून वापरली की शेवटी तिला बुरशी आली. ती टाकताना मी बाजूला बसून रडले. ह्यांनी विचारलं, "चटणीसाठी?" मी म्हटलं, व्हय, चटणीसाठीच.

अल्माझ मागच्या चाळीत राहायची. तिचा नवरा उसाच्या गाडीवर ड्रायव्हर होता आणि ती कारखान्याच्या ऑफिसात झाडलोट करून चहा-कॉफी द्यायची. उंच, खणखणीत आवाजाची, हसली की खांदे हलायचे. तिच्या नावाचा अर्थ हिरा, हे तिनं मला कानातल्या खड्याकडं बोट दाखवून समजावलं होतं. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. इंग्रजी दोघींनाही सारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं.

एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून मी तिच्याकडं बादली घेऊन गेले आणि दारातच थबकले. आत कांदा, लसूण आणि मिरची तेलात परतत होती, आणि त्यावर पीठ शिजल्याचा वास. अगदी तोच. मी बादली खाली ठेवली आणि न विचारता आत शिरले. मातीच्या भांड्यात तांबूस, घट्टसर, रटरटणारं काहीतरी होतं. अल्माझनं आंबोळीसारखी मोठी, जाळीदार, आंबूस पोळी ताटात पसरली, मधोमध ते ओतलं आणि मला ताटाशी बसवलं. एक तुकडा मोडून, त्यात ते घेऊन, तिनं सरळ माझ्या तोंडात घास दिला. त्यांच्यात पाहुण्याला असाच पहिला घास भरवतात.

"शिरो," ती म्हणाली.

"पिठलं," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिला वाटलं तिखट लागलं. ती पाणी आणायला धावली.

त्या दिवसापासून मी जेवायला लागले. अल्माझकडून शिरो शिकले. त्यांच्यात कांदा आधी कोरडाच परततात, तेल नंतर. आपण पाण्याला उकळी आली की पीठ भुरभुरतो, तशीच तीही भुरभुरायची. उन्हाळ्यात तिच्या अंगणात आम्ही मिरच्या वाळवल्या, आलं-लसूण वाळवलं, खडा मसाला भाजला आणि त्यांचा तो लाल मसाला कांडला. ठसक्यानं दोघी बेजार. डोळे पुसत मी तिला म्हणाले, माझ्या गावातही आत्ता अशाच बायका शिंकत असतील. पोळी मात्र मला कधीच जमली नाही. पीठ आंबवायचा त्यांचा अंदाज माझ्या हातात आलाच नाही.

व्हिडिओ कॉलवर आत्तींना मी ताट दाखवलं. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला असावा, कारण मला त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"पिठलंच की ते! एवढ्या लांब जाऊन पिठलं खातीस व्हय गं?"

"ह्या अल्माझनं केलंय, आत्ती."

"तिला म्हणावं हिंग घाल. पोटाला बाधतंय न्हायतर."

मी सांगितलं. अल्माझनं हिंग हुंगून बघितला आणि तोंड वाकडं केलं. आत्ती तिकडं मोठ्यानं हसल्या. पुढं फोनवर माझ्या आधी तिची चौकशी व्हायची, "ती उंच बाई बरी हाय न्हवं?"

ते बरं चाललेलं फार दिवस टिकलं नाही. त्या भागात गडबड सुरू झाली. कोण कुणाशी का लढतंय हे आम्हाला कधी नीट कळलं नाही, आणि अल्माझला विचारलं की ती हात झटकायची. आधी रस्ते बंद झाले. मग उसाच्या गाड्या यायच्या थांबल्या. कारखाना थंड पडला. लांबून आवाज यायचे आणि चाळीतल्या बायका पोरांना घरात ओढायच्या. कंपाउंडचं गेट दिवसाही बंद राहू लागलं.

त्याच दिवसांत आत्ती आजारी पडल्या. शोभाक्कांचा फोन आला, "ताप उतरंना झालाय. ॲडमिट करायला लागंल म्हणत्यात डॉक्टर. तुमी आनि संभाभावजी बघा, यायला जमतंय का."

हे म्हणाले, "वहिनी, रस्ता उघडला की निघतो."

त्यानंतर नेटवर्कच गेलं. फोन, इंटरनेट, सगळंच. ह्यांनी ऑफिसात चकरा मारल्या, गेटवरच्या पहारेकऱ्याशी भांडले, चालत जातो म्हणाले. जायला वाटच नव्हती. मी फोन हातात धरून बसायचे. त्यावर आत्तींचा एक जुना फोटो होता, त्यात त्या कॅमेऱ्याकडं रागानं बघताहेत.

बातमी आली ती अदिसहून मोठ्या मुश्किलीनं पोचलेल्या आमच्याच कंपनीच्या एका माणसाकडून. आमच्या घरच्यांनी मुंबईच्या ऑफिसला कळवलं होतं आणि तिथून ती हातोहात इथवर आली होती. तो दारात उभा राहिला आणि बूट न काढताच म्हणाला, "पाटील, तुमच्या आई गेल्या." केव्हा, ते त्यानं सांगितलं तेव्हा आम्ही हिशेब केला. रक्षाविसर्जनसुद्धा होऊन गेलं होतं. तिकडं सगळं पार पडलं होतं आणि इथं आम्ही त्या दिवशीही आत्तींना बरं वाटावं म्हणून दिवा लावला होता.

हे पायरीवर जाऊन बसले. रडले नाहीत. मी आत आले, गॅसपाशी उभी राहिले आणि काय करायचं ते मला कळेना. आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतले, शेजारचे पिठलं-भाकरी, भात घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घास खाल्ल्याशिवाय माणूस गेलं हे पोटात उतरत नाही. इथं भावकी कुठली आणि कडू घास कुठला? ह्यांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी गॅस पेटवायला हात पुढं केला आणि मागं घेतला. दोनदा असं झालं.

तेवढ्यात दारात अल्माझ आली. डोक्यावरून पांढरी ओढणी, हातात झाकलेलं ताट. मागं चाळीतल्या आणखी बायका. तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. ती ह्यांच्या शेजारी पायरीवरच बसली आणि ताटावरचं झाकण काढलं. त्यांचे उपासाचे दिवस होते. त्या दिवसांत त्यांच्यात मांस, दूध, लोणी काही चालत नाही. म्हणून तिनं तिच्या घरी जे शिजलं होतं तेच आणलं होतं.

ह्यांनी ताटाकडं बघितलं.

"वैशाली," हे म्हणाले, "पिठलं आणलंय बघ."

आणि मग ते रडायला लागले. एवढा मोठा माणूस, खांदे गदागदा हलत होते. अल्माझनं घास केला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. ते तोंड फिरवत होते, तिनं हात हलवला नाही. घास खाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग मला भरवला. "आयझोश," ती म्हणाली, "आयझोश." धीर धर, मी आहे, असा काहीसा त्याचा अर्थ. आमच्यात कडू घास काय असतो ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला शब्दच नव्हते माझ्याकडं.

पुढचे काही दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. आळीपाळीनं कुणा ना कुणाच्या घरून ताट यायचं. बाजार बंद होता. चाळीत कुणाच्या डब्यात किती पीठ उरलं होतं ते मला दिसत होतं. तरी ताट यायचं. बायका येऊन बसायच्या, बोलायच्या नाहीत, थोडा वेळ बसून उठायच्या. आमच्या गल्लीतही असंच असतं.

मग एका सकाळी कंपनीच्या गाड्या आल्या. परदेशी माणसांना आजच बाहेर काढायचं, एकेकच बॅग घ्या. मी घरातलं सगळं धान्य, तेल, हिंगाची डबीसुद्धा पोत्यात भरून चाळीकडं धावले. अल्माझ दारातच होती. तिनं पोतं घेतलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाडीतून मी मागं बघितलं तेव्हा ती गेटच्या आत उभी होती. गेट बंद झालं.

कसबा बावड्याच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं होतं, शोभाक्का गळ्यात पडतील. त्यांनी पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. कित्येक दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं. एकदा भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "शेवटचं पाणी मी पाजलं. संभा आला का, संभा आला का, एवढंच चाललं हुतं त्यांचं. मी खोटं बोललो. म्हटलं, निघालाय." आमच्याकडं बायकाही 'मी बोललो' म्हणतात. ते 'बोललो' माझ्या काळजात रुतलं. मी रस्त्यांचं, नेटवर्कचं सांगायला लागले. "ते झालंच गं," त्या म्हणाल्या. "पर मी एकटी हुतो."

मोठे दीर कधीच गेले, त्या एकट्याच होत्या, हे खरंच.

परवा मला ताप होता. उठून बघते तर शोभाक्का पिठल्यासाठी कांदा चिरत होत्या. मी ओट्यापाशी गेले आणि म्हटलं, "अक्का, जरा बाजूला व्हा, एकदा माझ्या पद्धतीनं करते." कांदा कोरडा परतला. त्या बघत राहिल्या. पहिला घास खाऊन म्हणाल्या, "बरं झालंय. पर पिठलंच की." मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "आत्ती गेल्याचं कळल्यावर तिकडं तुमाला कडू घास कुणी घातला?"

आल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पायरी, ताट, ह्यांचं रडणं. शोभाक्कांनी पदरानं नाक पुसलं.

"आणि आता तिच्या घरी काय झालं तर?" त्या म्हणाल्या. "तिला कोण घालंल?"

अल्माझचा नंबर लागत नाही. नुसता लागत नाही, घंटासुद्धा वाजत नाही. कारखाना अजून बंद आहे म्हणतात. चाळ आहे की नाही, त्याबद्दल दोघं दोन गोष्टी सांगतात. ह्यांना आता दुसऱ्या देशातून बोलावणं आलंय आणि जायचं की नाही ते ठरत नाही. मी मात्र आता घर कशाला म्हणायचं ते ठरवून टाकलंय. ज्या दारात दुःखाच्या दिवशी ताट घेऊन गेलंच पाहिजे, ते आपलं घर. तसं एक दार माझं इथं आहे. दुसऱ्यापर्यंत माझा हात पोचत नाही.

म्हणून हे लिहिलं. आपल्या भागातली साखरेतली माणसं अजून तिकडं जातात. तुमच्यापैकी कुणाला त्या बाजूला जायला मिळालं, तर कारखान्याच्या मागच्या चाळीत अल्माझचं घर विचारा. उंच बाई, आवाज खणखणीत. ती हसली तर माझं नाव सांगा. आणि घरात कुणी गेलेलं असेल, तिचा नवरा असो नाहीतर ती स्वतः, तर काही बोलू नका. भाषा येत नाही म्हणून थांबू नका. पिठलं करा, ताट झाकून न्या, आणि जे कुणी पायरीवर बसलेलं असेल त्याच्या तोंडाशी घास धरा. तो खाईपर्यंत हात खाली घेऊ नका.