बकुळानं स्वतःच शिवलेलं कव्हर फाडलं

उल्हासनगर कॅम्प एकच्या बाजारात गाड्यांची सीटकव्हरं बसवणारे पुरुष ढीगभर आहेत. बाई एकच, आणि ती माझी सख्खी धाकटी बहीण. बकुळा. मी स्वतः अंबरनाथ एमआयडीसीत रिक्षा चालवतो, शाळा आठवीत सुटली, पण माणूस ओळखायला मला सर्टिफिकेट लागत नाही. ही पोरगी लहानपणीच मी ओळखली होती. मांजानं बोट कापलं तरी पतंग सोडायची नाही.

लग्न आम्ही आमच्या बेलवलीतच करून दिलं, म्हणजे माझ्या नजरेसमोर. नवरा अक्षय, कंपनीत शिफ्टला. बकुळा आधी घरी साड्यांना फॉल लावायची. मग हरेश सेठच्या दुकानात शिलाईला लागली आणि बघता बघता फिटिंग शिकली. तिनं बसवलेल्या कव्हरवर एक सुरकुती शोधून दाखवा, माझी रिक्षा तुमची.

त्या बाजारात एक पद्धत आहे. मागच्या सीटच्या बेल्टची बक्कलं कव्हरच्या आत दाबून टाकायची. वर राहिली तर बसणाऱ्याला टोचतात, आणि सीट क्लीन दिसत नाही. सेठ बोलायचा, पीछे कौन बेल्ट लगाता है साईं, अंदर डाल दे. सगळे दाबतात, बकुळा पण दाबायची. तिच्या दिरानं, विकासनं, गाडी घेतली तेव्हा तिनं त्याला लाल दोऱ्याचं, शंकरपाळी शिलाईचं कव्हर करून दिलं. सेठनं त्याचा फोटो दुकानाच्या काचेवर लावला. बक्कलं अर्थात आत.

मग दुकानात लहान मुलांच्या बूस्टर सीट आल्या, पाठ नसलेल्या. खोका फाटलेली एक सेठनं बकुळाला दिली, तुझ्या मुलीला घे म्हणून. मुलगी राही, सात वर्षांची, पण अंगानं बारकी. मी ती सीट बघितली आणि बोललो, ही तर उशी झाली, घरात काय उश्या कमी आहेत?

"उशी दबते दादा," बकुळा बोलली. "गाडीनं ब्रेक मारला की पोर पट्ट्याखालून पुढं सरकतं. ही कडक आहे, दबत नाही."

खोक्यातल्या कागदावरची चित्रं तिनं मला दाखवली. मोठ्या माणसाचा पट्टा लहान पोराला लावला की खालचा भाग पोटावर येतो आणि वरचा गळ्यावर. धक्का बसला तर तोच पट्टा पोट दाबणार. ह्या सीटवर पोर उंच बसतं, मग खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर येतो आणि वरचा खांद्याच्या मधोमध. पाठ नाही, म्हणून डोक्यामागं गाडीची सीट उंच पाहिजे. आणि पट्टा नसेल तर ती नुसती बसायची पाटी. हे शेवटचं तिनं दोनदा वाचलं. त्या दिवसापासून तिनं दुकानात एकही बक्कल आत दाबलं नाही. सेठनं कटकट केली, तिनं ऐकून घेतली आणि बक्कल बाहेर ठेवलं.

आता मुद्द्यावर येतो. विकासची बायको रुचिका मुरबाडची. तिच्या बहिणीचा साखरपुडा होता. सगळे विकासच्या गाडीतून जाणार, मला पण आमंत्रण. अक्षयला सुट्टी नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट घालून पोचलो तर गाडी सुरू, पुढं बकुळाच्या सासूबाई बसलेल्या, मागं रुचिका आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांचा चेतन. आणि बकुळा ती बूस्टर सीट घेऊन गाडीच्या दारात उभी.

"भावजी, गाडी बंद करा," ती बोलली. "राहीला पट्टा लावायचाय."

विकास हसला. बोलला, वहिनी, पट्टा तुम्हीच पुरलाय, आता कुठं खणणार? सासूबाई बोलल्या, मुहूर्त टळेल, पोरीला मांडीवर घे. वर माझ्याकडं बघून टोमणा मारला, ह्यांच्या रिक्षात कुठं पट्टे असतात? तेव्हा नाही आठवत?

मी तोंड उघडणार होतो, पण बकुळाच बोलली. "रिक्षाला पट्टा नाहीच आई, तिथं माझा इलाज नाही. ह्या गाडीला आहे, आणि तो मी दाबलाय. तो काढल्याशिवाय राही बसणार नाही. तुम्ही जा, आम्ही दोघी राहतो घरी."

मोठी सून जावेच्या माहेरच्या साखरपुड्याला नाही गेली तर गावभर काय चर्चा होईल ते सासूबाईंना माहीत होतं. विकासनं चावी फिरवून गाडी बंद केली, पण तोंड पाडून. बोलला, कव्हर नवीन आहे, जपून. बकुळानं पर्समधून कटर काढला. कव्हरवरून बोटं फिरवली, गाठीसारखं बक्कल चाचपलं आणि सरळ कापलं. सेठनं काचेवर फोटो लावलेलं ते कव्हर. बक्कल बाहेर ओढलं, राहीला खिडकीकडं सीटवर बसवलं, पट्टा खटकन लागला. पट्टा खांद्याला काचतो म्हणून राहीनं तो बगलेखाली घेतला, तर बकुळानं परत खांद्यावर आणला. दोनदा.

आता त्या सीटनं एका माणसाची जागा खाल्ली. माझी. मी कोणाला विचारलं नाही, बोललो, तुम्ही व्हा पुढं, मी एसटीनं येतो. आमच्या घरची माणसं अशीच आहेत.

तेवढ्यात चेतननं भोकाड पसरलं, मला पण उंच बसायचंय. रुचिका बोलली, ताई, अर्धा रस्ता राही, अर्धा रस्ता चेतन, वाटून घ्या. बकुळा बोलली, नाही. तो लहान आहे, ह्या सीटवर पट्टा त्याच्या गळ्याशी येईल, त्याला पाठवाली, स्वतःचे पट्टे असलेली मोठी सीट लागते. रुचिकाला ते झोंबलं. "तुमची तेवढी मुलगी, आमचा चेतन काय गाठोडं?" दुसरी सीट तिच्याकडं नव्हती. तिनं विकासला हळू चालवायला सांगितलं आणि गाडी गेली.

पुढचं मला रुचिकानंच सांगितलं. बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या वळणांवर राहीला झोप आली. पाठ नसलेल्या सीटला बाजूनं आधार नसतो, पोर झोपलं की कलंडतं आणि पट्टा खांद्यावरून उतरतो. बकुळानं कोडी घातली, पाढे म्हणवले, गाणी म्हटली. सासूबाई बोलल्या, पट्टा सोड, झोपू दे मांडीवर. शेवटी बकुळानं झाडाखाली गाडी थांबवायला लावली. राही डुलकी घेऊन उठली तेव्हाच पट्टा परत लागला. आणि एवढा वेळ रुचिका चेतनला दोन्ही हातांनी आवळून बसली होती. वळण आलं की तो हातातून सरकायचा. हात भरून आले, बोलली.

मुरबाडला मी एसटीनं त्यांच्या आधी पोचलो. अंगठ्या घालून झाल्या होत्या. मुलाकडच्या एका काकांनी तिरकस विचारलं, घरच्याच माणसांना उशीर? मी मोठ्यानं सांगितलं, माझी बहीण पोरीला नीट घेऊन येतेय, अंगठीचं काय, फोटोसाठी परत घालतील. घातली पण परत.

जेवणं झाली, निघायची वेळ आली. रुचिका गाडीपाशी आली ती चेतनशिवाय. तो आजोबांच्या कडेवर, ओट्यावर.

विकास बोलला, अगं त्याला घे ना.

"तो आजोळी राहील," रुचिका बोलली. "पाठवाली सीट आण, मग त्याला न्यायला ये."

विकास बोलला, मी हळू चालवतो ना. सासूबाईंनी तोंड उघडलं, पण रुचिका तोवर आत बसली होती. बसली ती थेट दुसऱ्या खिडकीशी, आणि हात पुढं करून बकुळाला बोलली, ताई, कटर द्या, माझ्या बाजूचं बक्कल कुठं आहे?

बकुळानं बोट ठेवून जागा दाखवली. कापलं रुचिकानं, वाकडंतिकडं. बकुळानं राहीचा पट्टा एकदा ओढून बघितला आणि बोलली, चला भावजी.