दुसरा कोळसा
हुक्क्यासाठी पेटवलेल्या कोळशाचा वास आला की मला आखातातल्या खलिफा सिटीतली नव्या वर्षाची ती धुक्याची सकाळ आठवते. शेजारच्या व्हिलात एक स्कॉटिश आजी एकटीच राहायची. तिचा नवरा तरुणपणीच तिकडच्या थंड समुद्रात बुडाला होता. तिच्या गावी म्हणे, नव्या वर्षात उंबरा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा असावा आणि त्याने कोळसा आणावा, म्हणजे घर वर्षभर उबदार राहतं. तो मान दरवर्षी माझा. "अहो, वर्षाच्या पहिल्याच दिवशी कोळसा काय नेताय कुणाकडे!" बायको कुरकुरली, पण मी हुक्क्याचा एक कोळसा कागदात गुंडाळून निघालोच. धुकं इतकं दाट होतं की आजीचं गेटसुद्धा चाचपडत शोधावं लागलं. तिने दार उघडलं आणि माझ्या हाताकडे बघून ती गोंधळली. "तू तर पहाटेच आलास ना? अंधारात मीच दार उघडलं, तू काही न बोलता कोळसा ठेवलास." तिच्यामागे टेबलावर खरंच कोळसा होता, आमच्या हुक्क्याच्या कोळशासारखा भुसभुशीत नव्हे, तर खाणीतला, दगडासारखा कठीण आणि ओला. दारापासून लादीवर ओल्या पावलांचे ठसे आत गेले होते. बाहेर आलेला एकही नव्हता. आजीनेही ते तेव्हाच पाहिले. मला वाटलं, आता ती किंचाळणार. तिने मात्र हाताने केस सारखे केले आणि दार हळूच लोटत ती म्हणाली, "मग आज तू आत येऊ नकोस, बाळा." आता तिथे दुसरं कुटुंब राहतं आणि माझेही केस पिकलेत, तरी धुकं पडलं की स्वतःच्या घरात शिरण्याआधी मी लादीकडे बघून घेतो.