चर्चातलं कीर्तन आणि आक्काची टोपली

मला लिहिता येत नाही. मी बोलतो, जावई उतरवून घेतो. चुका त्याच्या, फुशारकी माझी.

कल्याणात आगगाडी येऊन थोडी वर्षं झालेली, तेव्हा मी तमाशात सोंगाड्या होतो. लोक माझ्या बोलण्याला नाही हसायचे, थोबाडाला हसायचे. पुढं फड मोडला. मिशनच्या चर्चात मला झाडलोटीचं काम मिळालं. झाडता झाडता कानावर पडत गेलं, आत शिरत गेलं, आणि एक दिवस मी बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणाले, भाकरीसाठी बाटला. अरे, भाकरी तर आधीपासूनच मिळत होती. पण सोंगाड्यानं खरं सांगितलं तरी लोक पुढच्या विनोदाची वाट बघतात.

मला वाढवलं माझ्या थोरल्या बहिणीनं. आक्का स्टेशनच्या रस्त्यावर चणे-कुरमुरे विकायची. रोज सकाळी भरलेली टोपली तिच्या डोक्यावर चढवायचं काम माझं. घरात मी नीट करायचो असं ते एकच काम. बाटलो त्या दिवशी तिनं लांबूनच सांगितलं, "टोपलीला हात लावू नको. गिऱ्हाइकं तुटतील." ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून वाटेवरच्या हमालाला हाक मारून टोपली चढवून घ्यायला लागली, आणि मी चर्चाच्या पायरीवर झाडू धरून बघत उभा.

आमची मंडळी म्हणजे मूठभर. त्यात एक म्हातारा सुतार होता, रेल्वेच्या कामाला. चर्चातली बाकं त्यानं स्वतःच्या हातानं केलेली, फुकट. बाहेरची माणसं दारापर्यंत यायची, बाकं बघायची, पेटीवरचं साहेबी गाणं ऐकायची आणि कचेरीत आल्यासारखी जोडे हातात घेऊन परत जायची. म्हणून पाद्रीसाहेबांनी काढलं की महिन्यातून एकदा संध्याकाळी कीर्तन करू. बाकं बाहेर, सतरंजी आत. शाळेचे मास्तर उभे राहतील, गोष्ट शुभवर्तमानातली, चाली आपल्या.

सुतार उठून उभा राहिला. त्याचं म्हणणं, लोक गाण्याला आले तर गाणं घेऊन जातील, देव इथंच राहील. मग साहेबांकडं न बघता आमच्याकडं बघत म्हणाला, "आज ढोलकी आणाल, उद्या आरती. मग आम्ही घरदार सोडून आलो ते कशाला?"

त्याला घरच्यांनी उंबरठ्यावरून ढकललेलं, सगळ्यांना ठाऊक होतं. मीच मूर्ख, मध्ये तोंड घातलं. म्हटलं, ठाण्याकडचे जुने किरिस्ताव सणाला वाजंत्री लावतात, त्यांचा देव काय उठून गेला? सुतार म्हणाला, सोंगाड्यानं धर्म शिकवावा इतके दिवस फिरले का. सगळे हसले. मीपण हसलो, सवयच ती.

खरं सांगायचं तर बाहेरचं जग आत यावं अशी मला काही तळमळ नव्हती. मला एकच माणूस आत बसलेलं बघायचं होतं. आक्का म्हणायची, "बाकावर बसायला मी काय मडमीण आहे?" मला वाटायचं, सतरंजीवर बसेल.

साहेबांनी विचारलं, कीर्तनाची रीत तुला अवगत आहे काय? साहेबांचं मराठी असं, धुऊन वाळत घातलेलं. मी छाती काढून म्हटलं, सगळी. मग बाकं मीच उचलली. एक पायावर पडलं, म्हणून कीर्तनाला लंगडत उभा राहिलो.

मृदंग कुणाकडं नव्हता, माझी फडातली ढोलकी होती. मास्तर चिपळ्या घेऊन उभे राहिले, मला खूण केली, आणि माझ्या मेल्या हातानं काय वाजवावं? फड सुरू व्हायच्या आधीची ती घुमवणी. इतक्या वर्षांची सवय, हात मला विचारतो कुठं! रस्त्यावरून माणसं धावत आली. हमाल आले, टांगेवाले आले, सतरंजी भरली. एकानं पुढं वाकून मला विचारलं, "बाई कधी येणार?" सुतारानं डोळे मिटून घेतले.

पण मास्तरांचा गळा गोड. गोष्ट त्यांनी उधळ्या पोराची लावलेली. पोरगा डुकरांमागं उपाशी फिरतो, घरी परत येतो आणि म्हातारा बाप लाज सोडून रस्त्यानं धावत सुटतो. हमालसुद्धा पुढं सरकून बसले. नेमकी तिथं माझी ढोलकी थांबली. मास्तरांनी डोळे वटारले, पण मी दाराकडं बघत होतो. उंबऱ्याच्या आत, सतरंजीच्या टोकावर, मांडीवर टोपली घेऊन आक्का बसलेली. माझ्यासाठी आलेली नव्हती. गर्दी दिसली, धंदा होईल म्हणून आलेली. पण बसलेली.

कीर्तन संपलं, प्रार्थना झाली. कोणी उठेना. साहेब हळूच म्हणाले, "ही मंडळी कशाची प्रतीक्षा करीत आहेत?"

खिरापत! कीर्तन संपलं की हातावर काहीतरी पडतं, त्याशिवाय कोणी हलत नाही. मी जन्मात कीर्तनाला गेलो तो फक्त खिरापतीसाठी, आणि विसरलो तेवढंच. आता साहेबांच्या बंगल्यातून साखर आणावी, तर आमच्या हातची घेणार कोण? सुतार माझ्या कानाशी म्हणाला, "बघ. पोटासाठी आलेत."

तेवढ्यात आक्का उठली. "कीर्तन ऐकून कोरड्या तोंडानं जायचं? कुठली रीत ही?" आणि दारापासून चणे-कुरमुरे वाटत निघाली. तिच्या हातचं सगळ्यांनी घेतलं. साहेबांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. मग ती सुतारापुढं थांबली.

"हा प्रसाद आहे का?" त्यानं विचारलं.

"चणे आहेत. दात आहेत ना?"

सुतारानं हात पुढं केला. माझ्या हातावर तिनं शेवटी टाकले, वरून, बोट न लावता.

त्या गर्दीतले बरेच पुन्हा आले नाहीत, त्यांना बाईच हवी होती. सुतार बोलला ते काही खोटं नव्हतं. पण थोडे येत राहिले, आणि पुढच्या कीर्तनाला बाकं बाहेर काढताना दुसरं टोक धरायला सुतार आपणहून आला. म्हणाला, तुझ्या हातात दिली तर मोडशील.

आक्का शेवटपर्यंत बाटली नाही. दर कीर्तनाला मात्र आली, आणि खिरापत तिचीच. तमाशात मला पुष्कळ शिट्ट्या मिळाल्या, पण माझी बहीण आमच्या चर्चात वाटत फिरायची तेव्हा मी ढोलकीमागं असा ताठ बसायचो की लोकांना वाटायचं पाठ धरली.

त्या पहिल्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर ती पायरीवर उभी राहिली. हमाल समोरच होता. तिनं त्याला हाक मारली नाही.

"हात लाव रे," म्हणाली.

टोपलीत एक दाणा नव्हता. तिनं एका हातानं उचलली असती. मी लंगडत गेलो, दोन्ही हात लावले आणि मणभर ओझं असल्यासारखी ती तिच्या डोक्यावर ठेवली.